तीन खुणा पटल्याशिवाय

१

चतुर हा उशिरा उठणारा प्राणी. ऊन चढून पंख तापल्याशिवाय तो जागचा हलत नाही. म्हणून सत्यवतीबाईंची मोजणी साडेनऊच्या आत कधी सुरू होत नसे, आणि म्हणूनच त्या मंगळवारी त्यांना रागावून बसायला भरपूर वेळ मिळाला होता.

राग साधासुधा नव्हता. चिकपेटला मेट्रो धरली, वाटेत बदलली, इलेक्ट्रॉनिक सिटीला उतरून पुढे ऑटो केली, तरी तो उतरला नाही. होन्नेकट्टे तळ्याच्या काठावर घडीचं स्टूल मांडून त्यांनी पिशवीतून तळ्याच्या पाहणीचा तो अहवाल पुन्हा काढला. 'चतुरांच्या केवळ चार सामान्य जाती. जैवविविधता नगण्य.' खाली सही कार्तिकची. अकरा वर्षांचा असल्यापासून ज्याला त्यांनी याच काठावर बसवून चतुर आणि टाचणी यांतला फरक शिकवला, त्या कार्तिकची. पंख पसरून बसतो तो चतुर, मिटून बसते ती टाचणी, हे पोराला पाठ होईपर्यंत त्यांनी डब्यातल्या चकल्या वाटल्या होत्या. कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून बाई निवृत्त झाल्या, पण त्यांचा खरा वर्ग इथेच भरायचा. याच तळ्यावर त्यांनी स्वतः एक्केचाळीस जाती नोंदवल्या होत्या, आणि हा लेकाचा चार म्हणतो.

त्या चारच्या जोरावर अर्धं तळं बुजवून तिथे 'लेक व्ह्यू' नावाचे मनोरे उठणार होते. तळं बुजवून तळ्याचं दर्शन विकणाऱ्यांना काय म्हणावं हे बाईंना मराठीत ठाऊक होतं आणि कानडीतही, आणि येताना ऑटोवाल्याने ते दोन्ही भाषांत ऐकून घेतलं होतं.

हरकत पाठवायची मुदत गुरुवारी दुपारी एकपर्यंत. सरकारी ऑफिसातल्या माणसाने फोनवर जांभई देत सांगितलं होतं, जुन्या याद्या चालणार नाहीत. या मोसमात इथे नवी जात सापडली, तिचा फोटो असला आणि त्यावर दोघांची नावं असली, तरच पुन्हा पाहणी करू.

आणि तशी जात होती. गेल्या आठवड्यात बाईंनी ती दोनदा पाहिली होती. काळाभोर अंग, त्यावर पिवळे पट्टे. खूण पहिली, डोळे. बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात, याचे लांब लांब होते. खूण दुसरी, खांद्यावरचा आकड्यासारखा वळलेला पिवळा पट्टा. तिसरी खूण पोटाच्या टोकाला. लोक त्याला शेपूट म्हणतात आणि बाई दर वेळी त्यांना सुधारतात. नराला त्या टोकाशी चिमट्यासारखी पकड असते, जातीजातीची वेगळी. ती जवळून, वरून दिसल्याशिवाय नाव लिहायचं नाही. 'तीन खुणा, दोन माणसं' हा बाईंचा नियम. एकाने बघून सांगायचं, दुसऱ्याने येऊन तेच बघायचं आणि 'सरी', म्हणजे कानडीत 'बरोबर', म्हणायचं. मगच पेन्सिल उचलायची.

पूर्वी रविवारच्या मोजणीला अकरा माणसं यायची. या पावसाळ्यानंतर एकेक गळत गेलं. कुणाचे गुडघे दुखू लागले, कुणाची मुलं परीक्षेला बसली, तर कुणी नुसताच फोन उचलेना.

सव्वादहाला तो आला. काठच्या बोरूच्या गवताच्या शेंड्यावर बसला, उडाला आणि सरळ येऊन बाईंच्या डाव्या करंगळीवर बसला. यात नवल नाही, चतुर माणसाच्या अंगावर बसतात. बाईंनी श्वास रोखला. डोळे लांब लांब, पट्टा आकड्यासारखा. पण त्याचं तोंड त्यांच्याकडे होतं आणि टोक पलीकडे.

बाईंची ती करंगळी वाकडी होती. लहानपणी दारात चेमटली, ती तशीच राहिली. चतुर नखाजवळ बसला होता. तिथून तो चालत वाकड्या पेरापर्यंत आला.

चतुर चालत नाही. त्याचे पाय भक्ष्य धरायला आणि फांदीला लटकायला असतात, चालायला नसतात. विद्यार्थिनींना हे वाक्य बाईंनी तीस वर्षं लिहून दिलं होतं. तो मात्र सहा पायांनी एक एक पाऊल टाकत आला, वाकड्या पेरावर थांबला आणि पुढच्या दोन पायांनी ते चाचपू लागला. तेवढ्यात पाण्यावरून दुसरा आला. करंगळीच्या वीतभर वर एका जागी तरंगत राहिला, डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं. मग दोघेही निघून गेले.

बाईंनी कॅमेरा उचललाच नव्हता. स्वतःच्या या गाढवपणाचा त्यांना इतका राग आला, की बाकीच्या गोष्टीचा विचार करायचं राहून गेलं.

२

त्याच दुपारी चार वाजता कार्तिक घरी आला. बाईंनीच दम देऊन बोलावला होता. घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या गोदामाच्या वर, त्यामुळे जिन्यातसुद्धा खळीचा वास. एवढ्या उकाड्यात तो मनगटापर्यंत बटणं लावून आला होता. उजव्या भुवईवर चिकटपट्टी, डाव्या कानाच्या पाळीवर दुसरी.

"बस," बाई म्हणाल्या. "आणि सांग, काय कबूल केलंय त्या मनोरेवाल्यांनी तुला. व्हाइटफील्डच्या ऑफिसात मोठी खुर्ची?"

"अय्यो, तसं काही नाही, अक्का."

"मग एक्केचाळीसचे चार कसे झाले? आंधळा झालास?"

कार्तिकने पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरली. मग म्हणाला, "मी चार मोजले, अक्का. पाचवा मलाच मोजायला लागला. म्हणून उठून आलो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विद्यार्थ्यांची नाना कारणं त्यांनी ऐकली होती, पण असलं नाही.

"हसू नका, अक्का, स्वल्प ऐका. एक येऊन भुवईवर बसला, या तिळावर. चाचपून बघितला. मग दुसरा आला, वर थांबला, गेला. दुसऱ्या दिवशी कानाच्या पाळीवर. इथे मला जन्मापासून खाच आहे, तुम्हाला माहिती आहे. आपण करतो तसंच करतात ते. एक बसतो, दुसरा येऊन सरी म्हणतो. माझ्या दोन खुणा झाल्या. तळ्याच्या राखणदाराच्या, कृष्णातच्या, तीन झाल्या होत्या."

"कृष्णात दारू पिऊन निपाणीला पळाला असेल."

"कृष्णात पीत नव्हता."

"म्हणून तू खोटं लिहिलंस? दोन किडे अंगावर बसले म्हणून?"

"बुजू दे ते तळं, अक्का," कार्तिक एकदम जोरात म्हणाला. "अर्धं कशाला, सगळं बुजू दे. मी दोन लिहिणार होतो, तुमची आठवण आली म्हणून चार लिहिले."

याने पैसे खाल्ले असते तर बाईंनी त्याला एक वेळ माफ केलं असतं. त्याची हाव त्यांना समजली असती. पण भीतीपोटी एक जिवंत तळं हा पोरगा मारायला निघाला होता, आणि वर आपल्या आठवणीचे उपकार दाखवत होता. त्या उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. "भ्याड आहेस तू. चालता हो."

तो उठला, पण त्याची नजर त्यांच्या हातावर होती. बोलता बोलता बाई आपली डावी करंगळी चोळत होत्या.

"तुमच्यावर बसलाय?"

"नाही," बाई म्हणाल्या. आयुष्यात नोंदीच्या बाबतीत त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या, आणि त्याचाही राग त्यांनी कार्तिकवरच काढला. दार त्यांनी असं आपटलं, की खालच्या गोदामातला माणूस वर बघायला आला.

३

बुधवारी काठावर जाण्याआधी बाई पंपघराकडे वळल्या. कार्तिकचं म्हणणं खोटं पाडायचं, एवढाच हेतू होता. कृष्णात तळ्याचा राखणदार, त्याची बायको ठकुबाई अजून त्याच खोलीत राहत होती. खोली पाण्यापासून दोनशे पावलं तरी दूर, उंचावर. तिथला पंप वर्षभर बंदच होता.

दारापाशीच त्या थांबल्या. चौकटीवर चतुरांच्या काती होत्या. अळी पाण्यातून वर येते, बोरूला धरून बसते, पाठीवर उभी चिरते आणि त्या चिरेतून चतुर बाहेर पडतो. मागे राहते ती रिकामी कात, पायांच्या नखांसकट. बाईंनी अशा हजारो पाहिल्या होत्या, पण पाण्यालगत. इथे त्या चौकटीवरून आत गेल्या होत्या, भिंतभर, छपरापर्यंत, आणि सगळ्यांची तोंडं खाटेकडे होती. पावसाळ्यात पाणी चढलं असेल, बाईंनी मनाशी म्हटलं. मग चढून आलेल्या वाटेकडे वळून पाहिलं आणि तो विचार सोडून दिला.

"या बाई, बसा की," ठकुबाई म्हणाली. ती जमिनीवर बसून काहीतरी शिवत होती.

"कृष्णातचा काही पत्ता?"

"पंधरा दिस झालं, न्हाई. पोलिसांत लिवून आलो. त्यो म्हन्ला, वळखीच्या खुना सांग. म्या सांगितल्या, कान फाटका, दंडावर मारुती गोंदलेला, उजव्या पायाच्या आंगठ्याला नख न्हाई. त्यो म्हन्ला, बास, तीन पुरं."

"आणि ते चतुर?"

"आमचं मालक हासायचं हो. एक दिस कानावर बसला, एक दिस मारुतीवर. म्हनायचं, ठके, ह्ये किडं माझी वळख पटवून घ्यायल्यात बघ." तिने दोरा दाताने तोडला. "तिसऱ्या दिशी चप्पल काडून पाय धुवायला गेलं, ते गेलंच. ह्यो शर्ट तेवढा गावला, बोरूला आडकून हुता. पाठीवनं उलगडलाय. शिवून ठेवते, आल्यावर लागंल की."

तिने शर्ट उचलून दाखवला. राखणदाराचा खाकी शर्ट. कॉलरपासून खाली, बरोबर पाठीच्या मधोमध उघडलेला. कापड जुनं असलं की घामाने कुजतं, फाटतं, हे बाई स्वतःला सांगू लागल्या. पण कुजलेलं कापड वेडंवाकडं फाटतं, ही कड सुरीने कापावी तशी सरळ होती. आणि पुढची बटणं, गळ्यापासून खालपर्यंत, सगळी लावलेली होती.

मग बाईंना तो आवाज ऐकू आला. पंप बंद, वीज तोडलेली, आणि पत्र्याच्या छपरावर काहीतरी कोरडं फडफडत होतं. बाईंच्या घराखालच्या गोदामात नव्या कापडाची घडी झटकतात तसं. चतुराच्या पंखांचा असा आवाज व्हायला चतुर केवढा हवा, याचा हिशेब बाईंचं डोकं सवयीने करू लागलं. त्यांनी तो मध्येच थांबवला.

"हे कधीपासून वाजतंय?"

"कवाधरनं हाय," ठकुबाई खाली बघत म्हणाली. "सोबत वाटती मला."

४

बाहेर लख्ख ऊन होतं. बाई चार पावलं चालल्या असतील नसतील, तोच काळापिवळा चतुर समोरून आला आणि त्यांच्या हनुवटीवर, डाव्या बाजूच्या चामखिळीवर बसला. त्याच्या पायांची बारीक नखं त्यांना मोजता आली. दुसरा आला आणि नाकासमोर तरंगत राहिला. त्याचे लांब लांब डोळे, त्यांतले बारीक कप्पे, आणि मधे कपाळासारखी मोकळी जागा. इतक्या जवळून तो चेहरा वाटत होता. त्याला घाई नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये त्या स्वतः ओळखपत्र आणि मुलीचं तोंड ताडून पाहायच्या, अगदी तसंच त्याने पाहिलं.

बाईंनी हात उगारला आणि स्वतःच्याच तोंडावर फाडकन मारला. तीस वर्षांत त्यांनी चतुराला कधी मारलं नव्हतं. त्याला लागलं नाहीच, तो केव्हाच उडाला होता. हनुवटी मात्र झणझणली आणि डोळ्यांत पाणी आलं.

घाबरायला हवं, हे त्यांना कळत होतं. कार्तिक बरोबर बोलत होता, हेही कळत होतं, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांना सहन होईना. बोरूकडे बघून त्या मोठ्याने म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी भांडते आहे, मूर्खांनो! तिकडे तुम्हाला बुजवायला निघालेत, आणि तुम्ही माझी तपासणी करता?"

तळ्यावर वारा वाहत होता. एरवी बसलेले चतुर वाऱ्याकडे तोंड करून बसतात. त्या दिवशी एकही तसा बसला नव्हता.

परतीच्या मेट्रोत बाई सबंध वेळ डाव्या मनगटावर उजवा हात ठेवून बसल्या. त्यांच्या घड्याळाचा पट्टा पुरुषी, रुंद. त्याखाली रुपयाएवढा पांढरा डाग होता, कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲसिड सांडल्याचा. सेवापुस्तकात लिहिलेली त्यांची तिसरी खूण तीच.

गुरुवारी एकपर्यंत आपल्याला फोटो हवा. तो स्थिर बसल्याशिवाय टोकाची पकड टिपता येणार नाही. आणि तो नेमका कुठे येऊन स्थिर बसेल, हे आता आपल्याला ठाऊक आहे. इतका सरळ हिशेब होता, की बाईंना त्याचाही संताप आला.

५

गुरुवारी साडेअकराला कार्तिक आला. बाईंनी सकाळी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दुसरं माणूस हवंय. सहीला. आला नाहीस तर तुझं नाव माझ्या तोंडी पुन्हा येणार नाही." तो स्कूटर रस्त्यावर लावून दहा पावलांवर थांबला. हातमोजे, गळ्यापर्यंत चेन लावलेलं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, त्याची काचसुद्धा खाली.

"अक्का, दोन झाल्या ना तुमच्या?" काचेमागून तो म्हणाला. "हनुवटी लाल झालीय."

"झाल्या."

"मग चला. आत्ता चला. मी दुसरा अहवाल लिहितो, एक्केचाळीस लिहितो."

"खोटं कोण मानणार? सही तुझीच आहे त्या चारवर. तिथून हलू नकोस. दुर्बीण आणलीस? डोळ्याला लाव. मी सांगेन, तू बघून म्हण."

त्यांनी स्टुलावर नीट बैठक घेतली. फोन उजव्या हातात धरला, कॅमेरा सुरू केला. मग डावं मनगट तोंडाशी नेऊन दातांनी पट्ट्याचं बक्कल सोडलं आणि हात गुडघ्यावर ठेवला. घड्याळ गवतात पडलं.

"अक्का!" कार्तिक ओरडला.

"गप्प राहा. हालचाल नको."

तो लगेच आला. जणू वाटच बघत होता. मनगटावर बसला, एक एक पाऊल टाकत पांढऱ्या डागाच्या मधोमध गेला आणि चाचपू लागला. या वेळी त्याचं टोक बाईंकडे होतं. त्यांनी फोन खाली खाली नेला. पडद्यावर ती पकड उमटली, दोन काळे चिमटे, आतल्या बाजूला एकेक दात. अशी पकड त्यांनी कुठल्याही यादीत वाचली नव्हती.

"डोळे लांब लांब," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या.

हेल्मेटच्या काचेमुळे दुर्बीण डोळ्याला लागेना. कार्तिकने काच वर केली. "सरी," तो रडत म्हणाला.

"खांद्यावर आकडा, पिवळा."

"सरी."

"पकडीला आतून दात, दोन्हीकडे एकेक."

"सरी, अक्का. सरी. आता झटका त्याला, उठा!"

बाईंनी सात फोटो काढले. एका अंगठ्याने ते कार्तिकला पाठवले. "अहवालावर हरकतीचा मेलचा पत्ता आहे, त्यावर पाठव. तुझं नाव, माझं नाव. वेळ लिही, बारा वाजून सहा मिनिटं."

पाण्यावरून दुसरा निघाला होता. बाईंनी तो पाहिला. कार्तिकनेही पाहिला आणि तो फोन खिशात कोंबून त्यांच्याकडे धावला.

"आधी पाठव!" बाई किंचाळल्या. एवढ्या मोठ्याने त्या जन्मात ओरडल्या नव्हत्या. "तळं राहिलं पाहिजे. आधी पाठव, मग काय रडायचं ते रड!"

कार्तिक जागीच थांबला. त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बोट दाबलं. मेल गेल्याचा बारीक आवाज बाईंना इतक्या दुरून ऐकू आला, कारण तोवर तळ्यावर एकही पंख वाजत नव्हता. बोरूच्या प्रत्येक काडीवर एकेक जण बसला होता. दुसरा चतुर बाईंच्या मनगटावर येऊन थांबला. डोकं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, आणि निघून गेला.

६

काहीच झालं नाही. ऊन तसंच होतं. पाठीच्या मधोमध जरा खाजल्यासारखं झालं आणि थांबलं.

बाई बसून राहिल्या. जिंकलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. आता पुन्हा पाहणी होईल, तळं राहील. मनोऱ्यांवर, जांभई देणाऱ्या त्या माणसावर, या भ्याड पोरावर शेवटचं एकदा मनसोक्त रागवावं म्हणून त्यांनी आपला राग शोधला. गेला आठवडाभर तो छातीत उजव्या बाजूला बसलेला असायचा. तो तिथे नव्हता. कुठेच नव्हता. राग म्हणजे काय असतं हे त्यांना आठवत होतं, पण ते कुणा दुसऱ्या बाईचं आठवावं तसं.

कार्तिक समोर गुडघे टेकून बसला होता. हेल्मेट काढून हुंदके देत होता. "अक्का, तुम्ही ठीक आहात ना? बोला ना, अक्का."

त्या त्याच्याकडे बघत होत्या. इतकं स्पष्ट त्यांना कधी दिसलं नव्हतं, एकदम सगळीकडून. भुवईवरच्या चिकटपट्टीखाली तीळ, तो झालेला. कानाच्या पाळीची खाच, तीही झालेली. आणि तिसरी इथे कुणालाच माहीत नव्हती. पंचमीच्या सुट्टीत, अकरा वर्षांचा असताना, याच काठावर तो बाटलीच्या काचेवर पडला होता. पट्टी सत्यवतीबाईंनी बांधली होती. आपल्या साडीचा काठ फाडून.

त्यांना त्या पोराची फार माया वाटली.

"कार्तिक," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पँट जरा वर कर बघू. डावा गुडघा."